चरबी जाळायची की साठवायची: हुकूम कोणाचा?

निळीशाई

उपवासाच्या धाग्यावर "बारा तास पोटात काही गेलं नाही की शरीर चरबी जाळायला घेतं" हे वाक्य सारखं येत होतं. वाक्य ढोबळमानाने बरोबर आहे. पण "शरीर" म्हणजे नक्की कोण? यकृतातल्या पेशीला डोळे नाहीत, कान नाहीत. जेवण टळलंय हे तिला कळतं कसं, आणि कळल्यावर ती करते काय? तो धागा भरकटायला नको म्हणून हा वेगळा काढतेय. विषय माझ्या अभ्यासातला आहे, त्यामुळे पाल्हाळ लागलं तर हटका.

अर्धं उत्तर सगळ्यांना माहीत असतं. जेवण लांबलं की इन्सुलिन उतरतं, ग्लुकागॉन चढतं, चरबीच्या पेशी आपल्यातले ट्रायग्लिसराइड (चरबीचा साठवणीचा रेणू) फोडून फॅटी ॲसिड रक्तात सोडतात आणि ती अल्ब्युमिनला चिकटून यकृताकडे जातात. हे मिनिटा-तासांचं काम. पण यकृताकडे एवढी फॅटी ॲसिड एकदम आली तर ती जाळायला एन्झाइमही तेवढी हवीत. ती आयत्या वेळी वाढवायची म्हणजे त्यांची जनुकं जास्त वाचली गेली पाहिजेत. जनुकं असतात केंद्रकात. मग तिथवर निरोप नेतो कोण?

निरोप नेतात ती फॅटी ॲसिडच. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून आवडत आलंय. जे जाळायचं, तेच आत जाऊन "मला जाळायची तयारी करा" असं सांगतं.

ते ऐकून घेणारी प्रथिनं म्हणजे न्यूक्लिअर रिसेप्टर. माणसात ती ४८ आहेत. इस्ट्रोजेन, कॉर्टिसॉल, थायरॉइड, ड जीवनसत्त्व यांचे रिसेप्टर याच घराण्यातले. बाकीचे बहुतेक रिसेप्टर पेशीच्या भिंतीवर बसून आत इशारा पाठवतात. हे घराणं स्वतःच डीएनएवर बसतं. चरबीशी थेट संबंध असलेल्या शाखेचं नाव पीपार, आणि त्यात तीन भावंडं: अल्फा, गॅमा, डेल्टा. नाव पडलं ते एका औषधामुळे. क्लोफायब्रेटसारखी औषधं दिली की उंदरांच्या यकृतात पेरॉक्सिझोम नावाची पेशीतली अंगकं भरमसाट वाढतात. ती कशामुळे वाढतात हे शोधताना १९९० साली इसेमान आणि ग्रीन यांनी उंदराच्या यकृतातून पहिला पीपार हाती आणला. माणसात या औषधांनी पेरॉक्सिझोम तसे वाढत नाहीत, नाव मात्र तेच राहिलं.

आता काम कसं चालतं ते. फॅटी ॲसिड पाण्यात विरघळत नाही, म्हणून पेशीत एक वाहक प्रथिन त्याला धरून केंद्रकापर्यंत नेतं. तिथे पीपार एकटा नसतो. आरएक्सआर नावाचा दुसरा न्यूक्लिअर रिसेप्टर त्याचा कायमचा जोडीदार. अ जीवनसत्त्वापासून बनणारं एक रेटिनोइक ॲसिड या जोडीदाराला चिकटू शकतं. ही जोडी डीएनएवर एका ठरावीक अक्षरओळीवर बसते: एजीजीटीसीए, मध्ये एक अक्षर सोडून पुन्हा एजीजीटीसीए. फॅटी ॲसिड मिळालेलं नसतं तेव्हा त्या जोडीवर दाबून ठेवणारी प्रथिनं बसू शकतात, आसपासचा डीएनए गच्च गुंडाळलेला राहतो आणि जनुक फारसं वाचलं जात नाही. फॅटी ॲसिड पीपारच्या खोबणीत शिरलं की प्रथिनाचं एक टोक, बारावी हेलिक्स (मळसूत्री तुकडा), घडी घालून आत येतं. दाबणारी मंडळी उठतात, त्यांच्या जागी मदतनीस प्रथिनं येतात, डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर ॲसिटिल गट चढतात, गुंडाळी सैल पडते आणि वाचन सुरू होतं.

पीपारची खोबण बरीच ऐसपैस आहे, साधारण १,३०० घन अँगस्ट्रॉम. थायरॉइडच्या रिसेप्टरची आपल्या हार्मोनपुरती बेतलेली असते. इथे पामिटिक येतं, ओलेइक येतं, माशातली ओमेगा-३ येतात, आणि सगळी जरा सैलच बसतात. एकाच हार्मोनची वाट बघत बसणारा हा रिसेप्टर नव्हे. पेशीत एकंदर फॅटी ॲसिडची गर्दी किती, याचा हा अंदाज घेतो.

यकृतात मुख्य कारभारी अल्फा. तो जागा झाला की सीपीटी-१ वाढतं. मायटोकाँड्रियात लांब साखळीच्या फॅटी ॲसिडला प्रवेश द्यायचा की नाही, हे या एन्झाइमच्या हातात. आत गेल्यावर दोन-दोन कार्बन तुटत जातात. १६ कार्बनचं पामिटिक ॲसिड ७ फेऱ्यांत ८ ॲसिटिल-कोए (दोन कार्बनचे तुकडे) देतं. ते सगळं यकृताला लागत नाही, मग त्याचे कीटोन बनवून मेंदूला आणि स्नायूंना पाठवले जातात. कीटोन बनवणारं एन्झाइमही अल्फाच वाढवतो. शिवाय एफजीएफ-२१ नावाचं एक हार्मोन यकृतातून सोडायला लावतो.

गॅमाबद्दल खाली लिहीन. त्याच्याबद्दल लोकांच्या मनात फार गैरसमज आहेत.

झणझणीत

वाचनखूण साठवली. एक प्रश्न. हे खरंच अल्फामुळे होतं, हे कळलं कसं? इन्सुलिन उतरल्यामुळे आपोआप होत नसेल कशावरून?

पेट्रीडिश

झणझणीत, रास्त प्रश्न. ज्यांच्यात अल्फाचं जनुकच काढून टाकलंय अशा उंदरांवरून कळलं. हे उंदीर १९९५ पासून आहेत. गंमत अशी की पोटभर खायला मिळत असेल तर हे उंदीर साध्या उंदरांपासून ओळखू येत नाहीत. धावतात, पिल्लं घालतात, सगळं ठीक. फक्त एक रात्र पिंजऱ्यातलं खाणं काढून घ्यायचं.

१९९९ साली हे प्रयोग प्रसिद्ध झाले. एका दिवसाच्या उपाशीपणात या उंदरांची साखर घसरली, कीटोन वाढलेच नाहीत, रक्तात फॅटी ॲसिड तुंबली आणि यकृतात चरबी साचली. इन्सुलिन त्यांचंही उतरलेलं होतं, चरबीही सुटून यकृतापर्यंत आली होती. पुढे जाळायची सोय वाढली नाही. म्हणजे इन्सुलिनचं उतरणं लागतंच, पण तेवढ्याने भागत नाही.

असं यकृत मी हातात घेतलंय. साध्या उंदराचं गडद लालसर तपकिरी असतं. हे फिकट, पिवळट, आणि कापलं की पात्याला तेलकटपणा लागतो. उपाशी राहून फॅटी लिव्हर होऊ शकतं हे तोवर मला पटलं नव्हतं.

खडूस_आजोबा

बाईसाहेब, लेख उत्तम. पण आमच्या घरी एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि वर बटाट्याचा चिवडा असतो. तुमचा अल्फा त्या दिवशी काय करतो?

निळीशाई

आजोबा, एकादशी आणि दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. इन्सुलिन झक्क वर जातं, चरबीच्या पेशींचं दार बंद, यकृताकडे येणारी फॅटी ॲसिड कमी. वर आणखी एक होतं. साखर मुबलक असली की यकृत तिच्यापासून नवी चरबी घडवायला घेतं आणि त्या वाटेवर मॅलोनिल-कोए तयार होतं. ते सीपीटी-१ ला तिथल्या तिथे अडवतं. त्यामुळे अल्फाने एन्झाइम कितीही वाढवून ठेवली तरी जाळणं बंदच. त्या दिवशी अल्फाला सुट्टी. पुण्य मिळतं की नाही ते माझ्या विषयाबाहेर.

खडूस_आजोबा

पुण्याचं आम्ही बघून घेऊ. खिचडी सुटणार नाही.

रानवारा

साखरेपासून चरबी घडवायलाही असाच रिसेप्टर असतो का? की फक्त जाळायला?

निळीशाई

असतो. एलएक्सआर. त्याला चिकटतात ऑक्सिडाइझ झालेली कोलेस्टेरॉलची रूपं. पेशीत कोलेस्टेरॉल जास्त झालं की ते बाहेर काढायची व्यवस्था तो वाढवतो, त्यामुळे एके काळी हृदयविकारावरचं औषध म्हणून त्याच्याकडे मोठ्या आशेने पाहिलं जायचं. पण यकृतात तोच एसआरईबीपी-१सी नावाचं प्रथिन वाढवतो, आणि ते फॅटी ॲसिड बनवणारी सगळी एन्झाइम वाढवतं. एलएक्सआरला चेतवणारी रसायनं दिल्यावर प्राण्यांचे ट्रायग्लिसराइड आणि यकृतातली चरबी वर गेली. तिथे गाडी अडली. पित्ताम्लांचा एफएक्सआर हा आणखी एक, तो साधारण उलट्या बाजूने ओढतो. या दोघांवर स्वतंत्र धागा होईल, इथे एवढंच.

गल्लीतला_डॉक्टर

धागा वर आणतो आणि दवाखान्याच्या बाजूने भर घालतो.

फायब्रेट म्हणजे अल्फाला चेतवणारी औषधं. आमच्याकडे फेनोफायब्रेट रोज लिहिलं जातं. ते यकृतात फॅटी ॲसिडचं ज्वलन वाढवतं, शिवाय रक्तातले ट्रायग्लिसराइड फोडणाऱ्या लायपोप्रोटीन लायपेजच्या वाटेतला एपीओसी-३ हा अडथळा कमी करतं. आकडा झरझर उतरतो. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर, त्यातही हजाराच्या वर गेलेल्या रुग्णाला स्वादुपिंडाचा दाह होण्याची भीती असते. तिथे हे औषध उपयोगाचं, यात मला शंका नाही.

शंका पुढे आहे. रिपोर्टवर २६० दिसलं की लगेच फायब्रेट, "हृदयासाठी", हे कितपत खरं?

१९७८ ची जागतिक आरोग्य संघटनेची क्लोफायब्रेट चाचणी घ्या. जीव न घेणारे हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण एकूण मृत्यू औषध घेणाऱ्यांत जास्त निघाले. १९८७ ची हेलसिंकी चाचणी, जेम्फायब्रोझिल: हृदयविकार ३४ टक्क्यांनी कमी. सगळे खूश. मग स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं, आली. २०१० च्या ॲकॉर्ड चाचणीत स्टॅटिनवर फेनोफायब्रेट वाढवून बघितलं, एकंदरीत फायदा दिसला नाही. आणि २०२२ ची प्रॉमिनंट: पेमाफायब्रेट, अल्फावर नेमका बसणारा नव्या घडणीचा रेणू, दहा हजारांवर मधुमेही रुग्ण, ट्रायग्लिसराइड २६ टक्क्यांनी खाली. हृदयविकारात फरक शून्य. वर रक्ताच्या गुठळ्या आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी थोड्या जास्त.

रिसेप्टर चेतला, जनुकं वाचली गेली, आकडा उतरला, आणि रुग्णाच्या पदरात काही पडलं नाही. निळीशाई, याचं तुमच्या शास्त्रात उत्तर काय?

निळीशाई

डॉक्टर, सगळं उत्तर कोणाकडेच नाही, पण एक दुवा प्रॉमिनंटमध्येच आहे. ट्रायग्लिसराइड उतरले तेव्हा एलडीएल ("वाईट" कोलेस्टेरॉल) आणि एपीओबी (अशा प्रत्येक कणावर एकच असणारं प्रथिन) थोडे वर गेले होते. ट्रायग्लिसराइड वाहून नेणारे कण अल्फाने मोकळे करून लहान केले, पण रक्तातून नाहीसे केले नाहीत. धमनीच्या भिंतीत कण शिरतो, त्यातलं तेल किती हे तिथे दुय्यम. कणांची संख्या तीच राहिली तर भिंतीच्या दृष्टीने काय बदललं?

आणि दुसरं. अल्फा हा उपासमारीच्या वेळी उपयोगी पडण्यासाठी आहे. चरबीच्या पेशींमधून माल येतोय, तो जाळायचाय, हे त्याचं काम. आपण ते औषध देतो तिन्ही त्रिकाळ जेवणाऱ्या माणसाला. वरून माल येतच राहतो.

म्हणून मला वाटतं खरा प्रश्न यकृतात नसून चरबीच्या पेशीत आहे, आणि तिथला कारभारी गॅमा.

वजनकाटा

गॅमा म्हणजे चरबी *वाढवणारा* ना? मग त्याला बंद करणारी गोळी का काढत नाहीत? कंपन्यांना विकायला दुसरं काय हवं!

निळीशाई

हाच तो गैरसमज. बरं झालं विचारलंत.

१९९४ साली टोंटोनोझ आणि स्पिगलमन यांनी साध्या फायब्रोब्लास्ट (जोड-ऊतकातल्या) पेशींत गॅमा घातला आणि त्या पेशी चरबीच्या पेशी बनल्या. एकट्या गॅमाने. तेव्हा तुमच्यासारखंच सगळ्यांना वाटलं, की हा लठ्ठपणाचा खलनायक. पुढच्याच वर्षी कळलं की मधुमेहावरची ग्लिटाझोन जातीची औषधं नेमकी या गॅमालाच *चेतवतात*. म्हणजे चरबीच्या पेशी वाढवणाऱ्या रिसेप्टरला आणखी जोर दिला, तर इन्सुलिन जास्त चांगलं काम करायला लागतं!

१९९९ साली उलट बाजूचा पुरावा आला. गॅमाच्या जनुकात बिघाड असलेली माणसं सापडली. तुमच्या हिशेबाने ती सडपातळ आणि ठणठणीत हवीत. त्यांना तरुण वयात तीव्र इन्सुलिन-रोध, मधुमेह, उच्च रक्तदाब होता. अशा बिघाडात हातापायांवर, नितंबांवर चरबी कमी असते आणि यकृतात साचते.

घराला माळा नसेल तर सामान फेकलं जात नाही, ते पॅसेजमध्ये आणि स्वयंपाकघरात पडतं. त्वचेखालच्या चरबीत जागा नसेल तर तीच चरबी यकृतात, स्नायूत, स्वादुपिंडात जाते आणि तिथे इन्सुलिनचं काम बिघडवते. गॅमा जागा करून देतो.

झणझणीत

हे वाचून लगेच आपल्याकडचे "दिसायला काटक, पण पोट सुटलेले" आठवले. सगळा माल मध्यभागी.

पेट्रीडिश

झणझणीत, यावर पुण्यातच मोठं काम झालंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्याला (इथल्या सभासदाला नव्हे, यंत्राला) दोघांत काही फरक दिसत नाही. पुण्याजवळच्या गावांतल्या मुलांचा अभ्यासही त्यांच्या गटाने केलाय, बाळं इथे वजनाने कमी पण चरबीने तितकीशी कमी नसतात असं त्यातून पुढे आलं.

यामागे गॅमा किती, हे वेगळं. आईचं पोषण, जन्माआधीची वाढ, ब-१२, बरंच काही आहे. पण "एकूण चरबी किती" यापेक्षा "ती ठेवलीय कुठे" हा प्रश्न आपल्यासाठी जास्त मोलाचा.

आणि निळीशाईने सांगितलेला प्रयोग आम्ही दर वर्षी नवीन मुलांकडून करून घेतो. ३टी३-एल१ नावाच्या उंदराच्या पेशी असतात. थाळीत भरगच्च वाढल्या की दोन दिवस तशाच ठेवायच्या, मग इन्सुलिन, डेक्सामेथासोन आणि आयबीएमएक्स यांचं मिश्रण द्यायचं. काही जण रोझिग्लिटाझोनही घालतात. पहिले काही दिवस काहीच घडत नाही, मुलं वैतागतात. मग लांबट, चपट्या पेशी गोल व्हायला लागतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात बारीक चकचकीत थेंब दिसतात, आधी कडेने, मग पेशी भरून. आठव्या-दहाव्या दिवशी फॉर्मॅलिनमध्ये बसवून ऑइल रेड ओ रंग दिला की थाळी नुसत्या डोळ्यांनी लाल दिसते. शेजारच्या थाळीत गॅमाला अडवणारं रसायन घातलेलं असतं, तिथे लाली जेमतेम. त्या दोन थाळ्या शेजारी ठेवल्या की व्याख्यान द्यावं लागत नाही.

गल्लीतला_डॉक्टर

गॅमाच्या औषधांचा इतिहास सांगायलाच हवा, नाहीतर कोणीतरी उद्या मेडिकलमध्ये जाऊन मागेल.

ट्रोग्लिटाझोन: अमेरिकेत १९९७ ला आलं, यकृत निकामी झाल्याच्या घटनांमुळे २००० ला गेलं. रोझिग्लिटाझोन: १९९९ ला आलं, हृदयविकाराच्या शंकेवरून २०१० मध्ये आपल्याकडे बंदी. पायोग्लिटाझोन: जून २०१३ मध्ये सरकारने विक्री थांबवली, मूत्राशयाच्या कर्करोगाची भीती, आणि जुलैअखेर ठळक इशाऱ्यासह पुन्हा परवानगी दिली. आज स्वस्तात मिळतं, चालतं. पण वजन वाढतं, पायांवर सूज येते, बायकांत हाडं मोडायचं प्रमाण वाढतं, आणि हृदय कमजोर असलेल्याला द्यायचं नाही. सूज कशाने? गॅमा मूत्रपिंडाच्या नळ्यांतही असतो आणि तिथे मीठ-पाणी धरून ठेवतो. रिसेप्टर एक, अवयव अनेक. तोंडाने घेतलेली गोळी सगळीकडेच जाते.

रानवारा

माझ्या वडिलांना सारोग्लिटाझार दिलंय. मधुमेह आहे, ट्रायग्लिसराइड ४१०, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २. गूगल केलं तर हे औषध अमेरिकेत मिळतच नाही असं दिसलं. घाबरायचं का? डॉक्टरांनी समजावून सांगितलं नाही, पुढचा नंबर आला म्हणून उठवलं.

गल्लीतला_डॉक्टर

रानवारा, बाबांचे पूर्ण रिपोर्ट न बघता "घ्या" किंवा "सोडा" मी म्हणणार नाही. औषध मनाने बंद करू नका. त्याच डॉक्टरांकडे एकदा फक्त प्रश्न विचारायला म्हणून जा, प्रश्न कागदावर लिहून न्या.

माहिती म्हणून सांगतो. सारोग्लिटाझार अल्फा आणि गॅमा दोघांनाही चेतवतं, अल्फाला जास्त. झायडस कॅडिलाने इथेच, भारतात, शोधलं. २०१३ मध्ये मधुमेह्यांच्या वाढलेल्या ट्रायग्लिसराइडसाठी मंजुरी मिळाली आणि २०२० मध्ये फॅटी लिव्हरमुळे होणाऱ्या यकृतदाहासाठी. नेहमीचा डोस ४ मिलिग्रॅम. २४ आठवड्यांच्या एका चाचणीत या डोसने ट्रायग्लिसराइड सुमारे ४५ टक्के उतरले.

या दुहेरी जातीची बाकीची औषधं जगभर गळाली: म्युराग्लिटाझार हृदयाच्या धोक्यामुळे, टेसाग्लिटाझार मूत्रपिंडामुळे, ॲलेग्लिटाझार २०१३ मध्ये मोठ्या चाचणीच्या अर्ध्यातच. सारोग्लिटाझार गॅमावर हलका हात ठेवतं, त्यामुळे सूज आणि वजनाचा त्रास त्या मानाने कमी, असं मांडलं जातं. मंजुरी मात्र ट्रायग्लिसराइडच्या आकड्यावर मिळालेली आहे, आणि आकड्याचं काय होतं ते वर प्रॉमिनंटमध्ये लिहिलंय. घाबरायचं कारण नाही, पण "हृदयाचं औषध चालू आहे" असं समजून स्टॅटिन किंवा चालणं सोडू नका.

रानवारा

धन्यवाद डॉक्टर. प्रश्न लिहून नेते.

जिमखाना_९५

तिसरं भावंड राहिलं ना, डेल्टा? आमच्या जिममध्ये कार्डारीन म्हणून बाटली मिळते, "फॅट बर्नर, स्टॅमिना डबल". ट्रेनर म्हणतो सार्म आहे, सेफ आहे.

निळीशाई

सार्म नाही आणि सेफही नाही. सार्म असतात अँड्रोजेन रिसेप्टरवर काम करणारे. ही बाटली म्हणजे जीडब्ल्यू-५०१५१६, डेल्टाला चेतवणारा रेणू. डेल्टा स्नायूंत फॅटी ॲसिड जाळण्याची जनुकं वाढवतो, हे खरं. २००८ चा गाजलेला शोधनिबंध आहे, पहिलं नाव विहंग नारकर, प्रयोगशाळा रॉन इव्हान्स यांची. उंदरांना हे औषध आणि पळण्याचा सराव दोन्ही दिलं तेव्हा ते नुसता सराव करणाऱ्यांपेक्षा लांब पळाले. पण नुसतं औषध देऊन बसवून ठेवलेल्या उंदरांचा दम वाढला नाही. हा अर्धा भाग बाटलीवर छापत नाहीत.

औषध म्हणून त्याचा विकास सोडून दिला, कारण दीर्घ काळ दिल्यावर प्राण्यांत अनेक अवयवांत गाठी झाल्या. २००९ पासून वाडाच्या (खेळांतल्या उत्तेजकांविरुद्धची जागतिक संस्था) बंदी यादीत आहे, आणि २०१३ मध्ये वाडाने खेळाडूंना मुद्दाम सावध केलं: हे घेऊ नका, तब्येतीला धोका आहे. वाडा सहसा "नियम मोडू नका" एवढंच म्हणते.

जिमखाना_९५

ट्रेनरला हा धागा पाठवला. म्हणाला, "उंदरांना काय होतं ते माणसाला होत नाही, क्लोफायब्रेटचंही असंच होतं." आता काय बोलू?

पेट्रीडिश

ट्रेनर धागा वाचतो, हे कौतुकास्पद आहे.

मुद्दा अर्धाच धरलाय त्याने. फायब्रेटमुळे उंदरांना यकृताचा कर्करोग होतो आणि माणसाला होताना दिसलेला नाही, हे खरं. पण ते आपल्याला कळलं कारण माणसांनी फायब्रेट दशकानुदशकं घेतली आणि हजारोंच्या नोंदी ठेवल्या गेल्या. शिवाय तिथे गाठी मुख्यतः यकृतापुरत्या, आणि उंदरांचा अल्फा माणसाच्या अल्फापेक्षा वेगळा वागतो हे उंदरात माणसाचं जनुक घालून तपासलेलं आहे. डेल्टाच्या बाबतीत गाठी अनेक अवयवांत होत्या आणि माणसांतल्या दीर्घ नोंदी नाहीतच. बाटलीत लेबलवरचंच रसायन आहे, हे तरी कोणी तपासलंय?

वजनकाटा

एकंदरीत गोळ्यांनी कोणाचंच भलं झालं नाही असं दिसतंय. मी आपला सकाळी जिरेपाणी घेतो.

गल्लीतला_डॉक्टर

अहो वजनकाटा, असं नाही. स्वादुपिंडाचा दाह टळतो, ते काय कमी आहे? फेनोफायब्रेटने मधुमेह्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला लेसर करायची गरज कमी पडली, हे २००५ च्या फील्ड चाचणीत दिसलं. पायोग्लिटाझोनने निवडक रुग्णांचं यकृत सुधारतं. आणि २०२४ मध्ये दोन औषधं पित्तनलिकांच्या एका जुनाट आजारावर अमेरिकेत मंजूर झाली, एलाफिब्रॅनोर आणि सेलाडेलपार, दोन्ही पीपारवरचीच. यातलं एलाफिब्रॅनोर आधी फॅटी लिव्हरच्या चाचणीत नापास झालेलं. कोणता रिसेप्टर, कोणता अवयव, कोणता रुग्ण, हे जुळलं तर औषध चालतं. जिरेपाण्याला माझी हरकत नाही.

सुपारीचं_खांड

इथे नेहमी फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. मला थायरॉइड कमी असल्याने रोज सकाळी गोळी असते. गोळी सुरू व्हायच्या आधी कोलेस्टेरॉल वाढलेलं, नंतर पथ्य न बदलता उतरलं. वर लिहिलंय की थायरॉइडचा रिसेप्टरही याच घराण्यातला. संबंध आहे का?

निळीशाई

थेट संबंध आहे. थायरॉइड रिसेप्टरचे दोन प्रकार, अल्फा आणि बीटा (ग्रीक अक्षरं संपली की काय कोण जाणे, पीपारच्या अल्फाशी याचा संबंध नाही). हृदयात अल्फा जास्त, यकृतात बीटा जास्त. यकृतातला बीटा रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे रिसेप्टर वाढवतो आणि फॅटी ॲसिडचं ज्वलनही वाढवतो. तुमचं हार्मोन कमी होतं तेव्हा ही दोन्ही कामं मंदावली होती. गोळीने हार्मोन भरून निघालं, कामं पूर्ववत झाली, आकडा उतरला.

यातूनच औषधही निघालंय. थायरॉइडची गोळी जास्त देऊन चरबी उतरवायचा प्रयत्न केला तर हृदय धडधडतं, हाडं झिजतात. म्हणून फक्त बीटावर बसणारा आणि मुख्यतः यकृतातच जाणारा रेणू शोधला गेला, रेसमेटिरॉम. फॅटी लिव्हरमुळे यकृताला दाह आणि व्रण असलेल्या रुग्णांसाठी मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला, त्या आजारावरचं तिथलं पहिलं औषध. एकाच अवयवापुरतं काम काढून घेण्याची जी अडचण डॉक्टरांनी पायोग्लिटाझोनबद्दल सांगितली, ती इथे बऱ्याच अंशी सोडवता आली. तुम्ही मात्र तुमच्या गोळीचा डोस टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघूनच ठरवू द्या, कोलेस्टेरॉल उतरवायला वाढवून घेऊ नका.

सुपारीचं_खांड

नाही वाढवणार. टीएसएच पुढच्या महिन्यात करायचीच आहे, लिपिडही सोबत करून घेते.

झणझणीत

एलएक्सआर-एफएक्सआरचा धागा कधी? पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

निळीशाई

दिवाळीनंतर. पेट्रीडिश, पित्ताम्लांचा भाग तुम्ही लिहिणार असाल तर.

पेट्रीडिश

लिहितो. पण थाळ्यांचे फोटो टाकायची सोय इथे अजून नीट चालत नाही, आधी संपादकांना सांगा.